आठ बाय बेचाळीस: लांबचं बघायला घेतली, जवळचं बघत बसलो

मागच्याच्या आधीच्या दिवाळीत केळीच्या एका गाडीचे पैसे आले आणि ते खतवाल्याकडं जायच्या आत मी त्यातून ९,८०० रुपयांची आठ बाय बेचाळीस दुर्बीण मागवली. त्याला आता दीड वर्ष झालं. दोन उन्हाळे, एक अख्खा पावसाळा आणि दीड हिवाळा वापरून झाल्यावर हे लिहितेय (उरलेला अर्धा हिवाळा कुठं गेला ते पुढं येईलच). खोकं फोडल्या दिवशीच्या आनंदातलं लिखाण नाही.

ती कुणासाठी घेतली ते आधी सांगते. फैजपूरच्या बाहेर मळ्यात आमचं घर आहे. दोन मुलं, दोघंही घरीच शिकतात. थोरली दुसरीपर्यंत शाळेत जात होती, आता अकराची आहे. धाकट्याला सात पूर्ण झाली, त्यानं शाळा फक्त कुंपणाबाहेरून बघितलीय. ‘मग दहावीचं काय?’ याचं उत्तर माझं पाठ झालंय: चौदा पूर्ण झाली की एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) दहावीला बसता येतं, तेव्हा बसेल. एवढं ऐकलं की पाहुणे चहा घेतात आणि विषय कापसाच्या भावावर जातो.

मराठी, गणित, इंग्रजी हे सकाळचे अडीच तास. बाकीचा अभ्यास मागच्या वाड्यात. बैल होते तेव्हा ते इथं बांधायचे. बैल गेले, गव्हाण राहिली. वाड्यात एक निंब, वाळत चाललेला एक शेवगा, कण्हेरीची रांग, लिंबू, कढीपत्ता, मोरीचं पाणी जातं तिथं केळीची चार खोडं आणि शेडच्या मागं माजलेली रुई. दोघांची मिळून एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात तारीख टाकून जे दिसलं ते लिहायचं, एवढाच नियम. दुर्बीण घ्यायच्या आधी त्या वहीत ‘छोटा काळा पक्षी’ अशी नोंद एकोणीस वेळा होती. मी मोजली होती, म्हणूनच दुर्बीण घ्यायचं ठरलं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या भावात, याच मापाच्या, एकाच साच्यातून निघाल्यासारख्या चार-पाच दुर्बिणी चार-पाच नावांनी मिळतात. नावापेक्षा मापं बघा. मी आधी ती बघितली नव्हती, योगायोगानं बरी वस्तू पदरात पडली.

योगायोग असा. आधी आम्ही जळगावला गेलो. एका दुकानदारानं कपाटातून दोन काढल्या. एक दहा बाय पन्नास, जड, धाकट्यानं धरली तर दोन्ही कोपरं खाली. दुसरी झूमची, दहा ते तीस बाय पंचवीस. ‘ताई, हिच्यातून चंद्रावरचा माणूस दिसेल.’ तीसवर नेऊन रस्त्यापलीकडची पाटी बघितली, तर पाटी नाचत होती आणि दिवेलागणीला वाचल्यासारखी काळपट दिसत होती. दुपारचे बारा वाजलेले. काही न घेता परत आलो, आणि बसमध्ये थोरली गप्प होती कारण ती मनातल्या मनात भागाकार करत होती.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की मागून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. २५ भागिले ३० म्हणजे ०.८३. भर उन्हात आपली बाहुली आकसते तरी दोन-अडीच मिलिमीटर उघडी राहते, म्हणजे झूमवालीतून डोळा अर्धपोटी राहतो. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५, दिवस मावळल्यावर बाहुली मोठी होते तेव्हाही पुरेल एवढं. नंतर आमची घरी आल्यावर पोरीनं ती हात लांब करून आभाळाकडं धरली, मागच्या काचेत उजेडाचं गोल चकचकीत टिकलं दिसतं त्याला पट्टी लावली, आणि ओरडली, ‘पाच आणि थोडंसं!’ दशांश अपूर्णांक आमच्याकडं पंधरा दिवस रखडले होते. त्या संध्याकाळी तिनं घरातल्या प्रत्येक वस्तूला कशानं तरी भागलं.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. ‘काहाले घेतलं वं हे? देवानं डोये दिले ना.’ मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईंच्या तोंडून हे ऐकून मी काही बोलले नाही. आठवड्याभरात त्या ओट्यावर बसून, चष्मा न काढता, आमच्याच मळ्यात गाडी भरणाऱ्या मजुरांकडं बघत होत्या. ‘पह्य वं, ते दोघं खाली बसेल हायेत.’ चष्मेवाल्यांसाठी एक सांगते, मागचे रबरी कप फिरवून आत घालता येतात ना ते बघून घ्या, आणि काचेपासून डोळा किती लांब धरला तरी पूर्ण गोल दिसतो ते विचारा. आमच्या दुर्बिणीला ते अंतर १७ मिलिमीटर आहे. चौदा-पंधराच्या खाली गेलं की चष्म्यातून कडा कापल्या जातात.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

पट बघून लोक दुर्बीण घेतात. दहा पट, बारा पट, वीस पट. आमच्या घरात या दुर्बिणीचा निम्म्याहून जास्त वापर दहा-बारा फुटांच्या आतला आहे. आणि दुर्बीण किती जवळचं स्पष्ट दाखवते हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात कधीच नसतो. आमच्या माहितीपत्रकात दोन मीटर लिहिलं होतं. टेप लावून मोजलं तर पावणेसात फूट भरलं, म्हणजे जवळजवळ खरं. जळगावची ती दहा बाय पन्नास दुकानात समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा धड दाखवत नव्हती. मी समजले, काच खराब असेल. काच चांगलीच होती, तिला जवळचं दिसतच नव्हतं.

पावणेसात फूट म्हणजे काय, तर स्वयंपाकघराच्या खिडकीपासून केळीच्या कमळापर्यंतचं, म्हणजे केळफुलापर्यंतचं अंतर सात फूट. त्या कमळावर शिंजीर येतो. आमच्या वहीतला ‘छोटा काळा पक्षी’ म्हणजे एकोणीसपैकी निदान बारा वेळा हाच असणार. दुर्बिणीतून तो काळा नाहीच. मान वळवली की निळा, अजून वळवली की जांभळा, सावलीत गेला की परत काळा, आणि काखेत पिवळ्या-केशरी पिसांचा झुपका, जो तो चिडला किंवा माद्यांपुढं मिरवायला लागला की बाहेर काढतो. वीण संपल्यावर याच नराचं पोट पिवळट होतं आणि गळ्यापासून खाली एक काळी रेघ उरते. पहिल्या वर्षी आम्ही त्याला वेगळा पक्षी समजून वेगळं पान दिलं होतं. ते पान आम्ही फाडलेलं नाही. वर थोरलीनं ‘हाच तो’ असं लिहून बाण काढलाय.

मादीनं मार्चमध्ये कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला घरटं लटकवलं. कोळ्याची जाळी, वाळका पाला, अळ्यांची विष्ठा, एक चॉकलेटचा चांदीचा कागद, सगळं एकात एक. दुर्बीण नसती तर पोरं दिवसातून दहा वेळा जवळ जाऊन डोकावली असती आणि तिनं ते सोडलं असतं. खिडकी नऊ फुटांवर. कपडे तेवढे तीन आठवडे पुढच्या अंगणात वाळले.

तांबटाचंही असंच. शेवग्याच्या वाळक्या फांदीत त्यानं भोक पाडलंय. टुक्-टुक्-टुक् असा आवाज एप्रिलच्या दुपारी डोक्यात जातो, पण तो नेमका कुठून येतो ते कळत नाही, कारण तो बोलता बोलता मान फिरवत राहतो. दुर्बिणीतून दिसतं की आवाज काढताना त्याची चोच बंद असते आणि गळ्याची कातडी फुगते, आत-बाहेर होते. धाकट्याची त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी: ‘तांबट तोंड बंद ठेवून बोंबलतो.’ आज्जीला वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, शिकून घे.

आणखी एक वापर माहितीपत्रकात नाही. दुर्बीण उलटी करायची. जिथून आपण बघतो ते मागचं भिंग वस्तूच्या जवळ न्यायचं, अगदी बोटभर अंतरावर, आणि मोठ्या भिंगातून बघायचं. दुर्बिणीचंच भिंग होतं. हे मी शोधलं नाही, धाकटा रागावून उलटी धरून बसला होता तेव्हा त्याला त्याच्याच गुडघ्यावरची खपली दिसली. मग कण्हेरीकडं मोर्चा. कण्हेरीच्या पानाखाली श्रावणात काळसर तपकिरी फुलपाखरांचे कोष लटकतात. कोष म्हणावेत असे नव्हतेच ते, पाणी दिलेल्या चांदीचे थेंब. ती चकाकी रंगद्रव्याची नाही. कवचात पातळ थरांवर थर असतात, त्यावरून उजेड परततो, म्हणून ते आरशासारखे. उलट्या दुर्बिणीतून धाकट्याला त्यात खिडकी, निंब आणि स्वतःचं वाकडं डोकं दिसलं. कण्हेर विषारी आहे, अळीला चालते, आपल्याला नाही, हात धुवायचे. हा नियम दोघांना तोंडपाठ आहे. खास जवळचं बघायलाच बनवलेली दुर्बीणही निघते, पेंटॅक्सची पॅपिलिओ, अर्ध्या मीटरवरचं दाखवणारी. फक्त फुलपाखरंच बघायची असतील तर मी आज तिचाच विचार केला असता. पण तिचं पुढचं भिंग २१ मिलिमीटरचं, दिवेलागणीला ती हात टेकते.

आणि आमच्याकडं दिवेलागणीलाच खरा पाहुणा येतो. पिंगळा, छोटं घुबड. गव्हाणीच्या वरच्या खबदाडात जोडी आहे. सूर्य बुडाला की निंबाच्या खालच्या फांदीवर येऊन मान खालीवर करत आपल्याकडंच टक लावून बघतो. ५.२५ चा उपयोग इथं. नुसत्या डोळ्यांना फांदीवर एक गोळा दिसतो, दुर्बिणीतून डोक्यावरचे पांढरे ठिपके मोजता येतात.

ठिपक्यांवर एवढा जोर का, तर थोरलीला रानपिंगळा बघायचाय आणि दोघांतला फरक तोच: रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती बरीचशी सलग तपकिरी असते आणि तो भरदिवसा हिंडतो. ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १८७३ साली त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणाला मिळालाच नाही, संपला असंच लोक धरून चालले. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना तो दिसला, तोही आपल्याच खानदेशात, शहाद्याजवळ. पोरीला यातली चोरीची गोष्ट सगळ्यात आवडते. माइनर्ट्झहागेन नावाच्या एका साहेबानं १९१४ साली गुजरातेत आपण हा पक्षी मिळवला असं सांगितलं होतं. तो नमुना खरा होता, पण डेव्हिडसन नावाच्या दुसऱ्याच संग्राहकानं १८८० च्या दशकात गोळा केलेला. साहेबानं तो संग्रहालयातून उचलून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली. म्हणजे लोक चुकीच्या जागी शोधत होते. रासमुसेनबाईंनी ती लबाडी पकडली, जुन्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली आणि मग इकडं आल्या. चिठ्ठीवर गाव आणि तारीख खरी लिहायची, हे मला आमच्या वहीबद्दल नंतर कधी सांगावं लागलं नाही.

वाड्याबाहेरचा अनुभव मिश्र आहे.

पहिल्या हिवाळ्यात डिसेंबरमध्ये हतनूरला गेलो. तापी-पूर्णेच्या संगमाकडचं धरणाचं पाणी, चांगदेवच्या बाजूनं. पहाटे निघालो, थंडी अशी की धाकट्याला गोधडीसकट गाडीत टाकला. थापटे, तलवार बदकं, वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांची काळी गर्दी आणि चक्रवाकांची जोडी. चक्रवाक रंगामुळं कुठूनही ओळखू येतो. बाकीच्यांचं मात्र अवघड. पाण्याच्या मध्यावर बसलेल्या थव्यात कोण कोण आहे ते आठ पटीत कळत नाही, नुसती बदकं आहेत एवढं कळतं. तिथं एका पक्षीमित्र काकांकडं तिकाटण्यावरची मोठी एकनळी दुर्बीण होती. त्यांनी पोरांना बघू दिलं, आणि घरी येईपर्यंत आमची आठ बाय बेचाळीस पोरांच्या नजरेतून उतरलेली होती. धरणं-तलाव हाच तुमचा छंद असेल तर ही घेऊ नका, किंवा हिच्यावर थांबू नका. त्या दिवसाचं बाकी सगळं उत्तम. बामणोदची वांगी, तुरीच्या काठ्यांवर भाजलेली, एका ओळखीच्यांच्या शेतात भरीत, कळण्याच्या भाकरी. दुर्बिणीच्या फोकसच्या चाकाला भरिताचं तेल लागलं ते अजून एका खाचेत आहे.

फाल्गुनात सातपुड्यातल्या पाल गावाला गेलो. सातपुडा आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतोच, पण त्यात शिरलं की तो वेगळा. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं आहे. नाक्यावर नोंद करून आत गेलं की सागाची पानगळ, खाली करकरीत पाचोळा, आणि मध्येच पळस पेटलेला. ही दुर्बीण याच जागेसाठी बनवल्यासारखी आहे. झाडं विरळ, पक्षी वीस ते साठ फुटांवर, नजरेचा आवाका मोठा. आमच्या दुर्बिणीचा कोन साडेसात अंश, म्हणजे हजार मीटरवर १३१ मीटर रुंदीचं दिसतं. पट वाढली की हा आवाका कमी होतो आणि लहान मुलांना पक्षी दुर्बिणीत सापडतच नाही, तोवर तो उडून जातो. एका पळसावर भोरड्या, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, पोपट एकाच वेळी होते. भोरड्या म्हणजे आमच्या दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) शेतात उतरल्या की सासूबाई गोफण शोधायच्या त्याच. गुलाबी अंग, काळं डोकं, चोचीला पळसाचे पिवळे परागकण लागलेले. एप्रिल सरता सरता त्या मध्य आशियाकडं निघून जातात. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘इतक्या दूरून येऊन आमचीच ज्वारी बरी सापडते त्याह्यले.’ रानपिंगळा दिसला नाही. सुकी नदीच्या काठी एका सागावर गोळा दिसला होता, पोरीचे हात कापायला लागले, डोक्यावर ठिपके निघाले. वहीत तिनं फक्त ‘पिंगळा (साधा)’ लिहिलं.

मे महिन्यात सकाळी आठनंतर दुर्बीण डब्यात. पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला की केळीच्या मळ्यावरची हवा उकळते आणि दुर्बिणीतून पक्षी पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. काच कितीही भारी असू दे, थरथर पटीनंच वाढते. गाडीत बंद ठेवून जाऊ नका, आतलं ग्रीस पातळ होऊन भिंगावर येतं. सूर्याकडं कधीही नाही, एक क्षणही नाही, हा नियम मी खोकं फोडायच्या आधीच दोघांकडून वदवून घेतला होता. रात्री मात्र गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकून गुरूचे चंद्र दिसतात, गॅलिलिओला १६१० साली दिसले तेच चार. दर रात्री त्यांच्या जागा बदलतात. त्याची वेगळी वही झालीय.

पावसाळ्यात मनुदेवीच्या धबधब्यापाशी ती तुषारांनी न्हाली. आत पाणी गेलं नाही, आत धुकंही धरलं नाही. आतमध्ये कोरडा नायट्रोजन भरून सांधे बंद केलेले असतात, त्यामुळं आत दमट हवा नसते. बुरशीची भीती मात्र बाहेरच्या भिंगालाही असते. चामडी-रेक्झिनच्या पिशवीत ती पावसाळाभर ठेवू नका. आमच्याकडं फराळाचा स्टीलचा डबा तिला दिलाय, तळाशी सिलिका जेलचे निळे दाणे, गुलाबी पडले की तव्यावर मंद आचेवर परतून परत निळे करायचे. तांदळात ठेवायचा सल्ला एका मावशींनी दिला होता. तांदळाची भुकटी फोकसच्या चाकात गेली की चाक कुरकुरतं. माझ्या हातून ते एकदा झालंय.

आता अर्धा हिवाळा.

गेल्या दिवाळीनंतर दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून खाली पडली. पाडली मी. ‘पट्टा गळ्यात घातल्याशिवाय हातात घ्यायची नाही’ असं दिवसातून चारदा म्हणणारी मीच कपडे काढता काढता ती कठड्यावर ठेवून गेले. काच फुटली नाही, पण एका पक्ष्याचे दोन दिसायला लागले, एक वर, एक किंचित खाली. आतलं प्रिझम हललं होतं. भुसावळला एक काका जुने कॅमेरे दुरुस्त करतात, त्यांच्याकडं नेली. त्यांनी दोन मिनिटं विजेच्या तारेकडं धरून बघितलं आणि परत दिली. ‘जुन्या बाकदार दुर्बिणीला बाहेरून स्क्रू असतो, मी बसवून दिली असती. ही सरळ नळीची. उघडली तर आतला वायू जाईल आणि मला नीट बसवता नाही आली तर तुमचं नुकसान. मी हात लावत नाही.’ पैसे घेतले नाहीत. असा नकार दुकानात सहसा मिळत नाही.

मग कंपनीच्या सेवा केंद्राला कुरियर. पडणं वॉरंटीत बसत नाही, हे मान्य. पण पंधरा दिवस सांगून त्यांनी अडीच महिने ठेवली. फोन लागला तर ‘तंत्रज्ञ रजेवर’, नाही तर ‘भाग मागवलाय’. ३,४०० रुपये घेतले, पुढच्या भिंगांची झाकणं हरवून पाठवली आणि एक रबरी कप सैल करून दिला. दोनाचं एक दिसतं, तेवढं काम बरोबर झालंय. परत भरताना नायट्रोजन भरला का, या प्रश्नाला ‘हो मॅडम’ असं जरा जास्तच पटकन उत्तर आलं. खरं काय ते या जुलैत मनुदेवीला कळेल. पण तोवर फेब्रुवारी उजाडला, हतनूर हुकलं, आणि वहीत नोव्हेंबर ते जानेवारी ‘छोटा काळा पक्षी’ परत आला. या वेळी पोरीनं चिडून लिहिलेला.

घेताना भुसावळच्या काकांची रीत वापरा. लांबच्या विजेच्या आडव्या तारेवर दुर्बीण धरा, तार एकच दिसली पाहिजे आणि दोन मिनिटांनी डोळे ओढल्यासारखे वाटायला नकोत. मग उजवा डोळा झाकून मधलं चाक फिरवा, मग डावा झाकून उजव्या भिंगाजवळची छोटी कडी. ती कडी प्रत्येक माणसाची वेगळी असते. आमच्या घरात ती सासूबाईंच्या खुणेला एक आणि बाकीच्यांच्या खुणेला एक, नेलपॉलिशच्या दोन ठिपक्यांवर आहे.

सोबत आलेला गळ्यातला पट्टा कामाचा नाही. ६४० ग्रॅम अकरा वर्षांच्या मानेला तासाभरात काचतात. थोरलीचं दुसरीतलं दप्तर माळ्यावर पडलं होतं. सावद्याच्या शिंप्यानं त्याचे दोन्ही पट्टे पाठीवर फुलीसारखे शिवून दिले, तीस रुपयांत. आता वजन खांद्यांवर येतं आणि दुर्बीण चालताना पोटावर आपटत नाही.

राहिला एक दोष, तो आमच्यासाठी सगळ्यात मोठा आणि मी घेताना त्याचा विचारच केला नव्हता. दोन नळ्या जास्तीत जास्त जवळ आणल्या तरी त्यांच्या मध्यांतलं अंतर ५६ मिलिमीटरच्या खाली जात नाही. मोठ्यांना चालतं. थोरलीला जेमतेम चालतं. धाकट्याचे डोळे पट्टीनं मोजले तेव्हा ५३ भरले. म्हणजे त्याला दोन डोळ्यांनी बघितलं की मधे काळी भिंत दिसते आणि दोन अर्धे चंद्र. दीड वर्ष तो एकाच नळीतून, दुसरा डोळा मिटून बघतोय, आणि तोंड त्या डोळ्याच्या बाजूला वाकडं झालंय अशी आज्जींची तक्रार आहे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी घेणार असाल तर पट, काच, कंपनी सगळं मागं ठेवा आणि पोराला सोबत नेऊन हे अंतर आधी बघा. ऑनलाइन घेणार असाल तर माहितीत ‘५६ ते ७२’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पहिला आकडा वाचा.

या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधायच्या आधी त्याला ओट्यावर उभा करून परत पट्टी लावली. ५४. त्यानं वहीत लिहिलंय, तारखेसकट: ‘दोन बाकी.’